एकाच खुर्चीतून

१

चिमणी पडली तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर टाळ्या वाजल्या. धूळ खाली बसली तेव्हा टाळ्या वाजवणारे हात तोंडावर गेले.

बंद पडलेल्या कारखान्याची ती चिमणी सुरुंग लावून पाडायची होती. तिच्या समोरच्या पंपघराच्या सपाट छपरावरून फोटो काढायला उभे राहिलेले स्टुडिओवाले मास्तर त्याच छपरावर पालथे पडले होते. उडालेली वीट लागली असणार, असं खाली जमलेल्या सगळ्यांचं मत झालं होतं. इन्स्पेक्टरबाई शिडी चढून वर गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी ते मत बाजूला ठेवलं. विटेला एवढा राग नसतो.

मास्तरांच्या डोक्याची मागची बाजू राहिलेलीच नव्हती. पांढऱ्या केसांत हाडाच्या कपच्या रुतल्या होत्या आणि धुळीवर रक्त पडून त्याचा काळा चिखल झाला होता. घाव एक नव्हता, बरेच होते, आणि शेवटचे काही माणूस गेल्यानंतरचे होते. शेजारी मास्तरांचाच लोखंडी ट्रायपॉड पडला होता. त्याचा एक पाय वाकला होता आणि टोकाला केस चिकटले होते.

हवालदार मागून धापा टाकत वर आले. त्यांनी कॅमेरा उचलून पाहिला. काच फुटलेली, बाजूचं झाकण उघडं.

"मॅडम, कार्ड नाही आत. मास्तरांचा शेवटचा फोटो कोणीतरी घेऊन गेलंय."

बाईंनी खिशातली सहा इंची पट्टी काढून सर्वांत खोल घावाशेजारी ठेवली. या पट्टीपायी ठाण्यात त्यांचं नाव 'फूटपट्टी' पडलं होतं. अपघात विभागात अनेक वर्षं रस्त्यावरचे टायरचे वण मोजण्यात गेली होती. माणूस खोटं बोलतो, अंतर खोटं बोलत नाही, हा त्यांचा अनुभव.

एवढ्यात खालून आरडाओरडा झाला. मजुरांच्या घोळक्याने एका तरुणाला जमिनीवर लोळवलं होतं आणि लाथा चालू होत्या.

"बापाला खाल्लंस! जन्मदात्याला खाल्लंस!"

हवालदारांनी काठीने वाट केली. बाईंनी त्या तरुणाला कॉलरला धरून वर ओढलं. त्याचा ओठ फाटून लोंबत होता, एक दात शर्टाला चिकटला होता आणि शर्ट छातीपासून पोटापर्यंत रक्ताने भिजलेला होता. त्यातलं सगळं त्याचं नव्हतं.

"मी त्यांना उचलत होतो," तो म्हणाला. "बाबांना उचलत होतो फक्त."

"सकाळी गेटवर बापाशी भांडत होता, सगळ्यांनी पाहिलंय!" एकजण ओरडला. "बापाला म्हणाला, तुम्ही आंधळे आहात!"

"खरं आहे?" बाईंनी विचारलं.

"हो."

"भांडण कशावरून?"

त्याने बाईंकडे पाहिलं, मग छपराकडे पाहिलं, आणि फाटलेला ओठ मिटून घेतला. तो नंतर उघडलाच नाही.

२

"गप्प बसलाय म्हणजे त्यानेच केलंय," सुरुंगवाला म्हणाला. "माझा मजूर असता तर एव्हाना मी त्याला बोलता केला असता."

"तुमच्या मजुरांनी तेवढी मेहनत घेतली आहे," बाई म्हणाल्या. "बसा."

चिमणी पाडण्याचं कंत्राट या माणसाचं होतं. मानेपेक्षा दंड मोठे आणि आवाज दंडापेक्षा मोठा. पहिल्याच प्रश्नाला त्याने टेबलावर मूठ आपटली.

"हो, धरली होती मास्तरांची कॉलर! म्हातारा ऐकेना. म्हटलं दोनशे मीटर मागे राहा, तर म्हणे दीडशेवरच उभा राहणार, फोटो पायांनी काढायचा असतो. शेवटी लिहून दिलं तेव्हा सोडला. पण मारायचं असतं तर सुरुंग होता की हाताशी. ट्रायपॉडने कशाला मारू?"

"मुद्दा बरोबर आहे," हवालदार पुटपुटले.

"स्फोटाच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"खंदकात, बटणावर. माझी पाच माणसं खांद्याला खांदा लावून. वॉकीटॉकीवर मास्तरांचा आवाज आला, 'मी तयार, वाजवा भोंगा.' भोंगा वाजवला, बटण दाबलं. चिमणी आडवी झाली आणि धुळीने स्वतःचा हात दिसेना."

"म्हणजे भोंग्यापर्यंत मास्तर जिवंत होते."

"ठणठणीत. आणि पूल भोंग्याच्या बऱ्याच आधी बंद केलेला. तुमच्याच लोकांनी. अलीकडे फक्त आम्ही, मास्तर, आणि पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून घुसलेला तो पोरगा. मास्तरांचे जावईबापू बिचारे पलीकडच्या बांधावर, लांबचा फोटो काढत. आता तुम्हीच सांगा, राहिलं कोण?"

बाईंनी त्याच्याकडून जागेचा नकाशा घेतला. बाकी कशाचंही असो, अंतरांचं या माणसाला भान होतं. चिमणी पन्नास मीटर उंच. तिच्यापासून पंपघर दीडशे मीटर. नदीपलीकडचा बांध नऊशे मीटर. चिमणीच्या मागे, तीनशे मीटरवर, विजेच्या मोठ्या तारांचा मनोरा.

"मनोऱ्याची उंची?"

"तोही पन्नास. म्हणून तर मला घाम फुटला होता. चिमणी तिकडे पडली असती तर अर्धं शहर अंधारात आणि मी आत. पण मनोऱ्याचं खुनाशी काय?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "विचारून ठेवते."

बांधावरच्या बघ्यांनीही जावयाच्याच बाजूने सांगितलं. सकाळपासून त्याचा ट्रायपॉड तिथे उभा होता, काळ्या कापडाने झाकलेला. कापडामागे तो होताच का? त्यावर मात्र लोक चाचरले. एक म्हातारा वैतागून म्हणाला, "बाई, चिमणी पडत असताना फोटोवाल्याकडे कोण बघतं?"

३

स्टुडिओ दोन खोल्यांचा होता. पुढे फोटोसाठीचा पडदा आणि दिवे, मागे संगणक. जावई दारापर्यंत सामोरा आला. नीटनेटका, मृदू बोलणारा. डाव्या हातात बोटं कापलेला काळा मोजा.

"जुनी भाजल्याची खूण आहे," बाईंची नजर पाहून तो म्हणाला. "गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही. बसा ना. अहो, पाणी आणा."

मास्तरांची मुलगी पाणी घेऊन आली. खोलीत घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तिच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. ग्लास ठेवताना पाणी काठावर आलं.

"सांडू नका," जावई म्हणाला. हसूनच म्हणाला, पण ती एक पाऊल मागे सरली.

त्याने फोटो दाखवला. चौकटभर चिमणी, पायथ्याशी धुराचं पहिलं फूल, चिमणी अजून सरळ पण तिचा तोल गेलेला. उजवीकडे मागे तारांचा मनोरा. वर्तमानपत्रांनी हाच छापला होता.

"हा त्या क्षणाचाच आहे यात शंका नाही," बाई म्हणाल्या.

"चिमणी एकदाच पडते, मॅडम. आणि त्या क्षणी मी बांधावर होतो. दोनशेची लेन्स लावून. नऊशे मीटरवरून एवढी मोठी चिमणी साध्या लेन्सने येत नाही, तिच्या चौकटीत सगळी नदी येते. लांबच्या लेन्सची जादूच वेगळी. मागचं सगळं ओढून जवळ आणते."

"मूळ फाईल?"

"काम झालं की कार्ड पुसून टाकतो. धंद्याची सवय."

भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. एकच खिडकी, तिच्या चौकटीला टेकलेली एक मुलगी, बाहेर एक झाड. बाईंनी डावीकडून उजवीकडे पाहिलं, उजवीकडून डावीकडे पाहिलं. पानाचाही फरक नव्हता.

"एकच फोटो दोनदा?"

जावयाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरा आनंद दिसला. "सगळे असंच फसतात! एक दोनशेच्या लेन्सने काढलाय. दुसरा साध्या लेन्सने काढून मधला तुकडा कातरलाय. मास्तरांचा लाडका धडा. माझ्याकडून वर्षभर हेच करून घेतलं. आजही आम्ही समारंभात एकाच लेन्सने सगळं काढतो आणि इथे बसून हवी ती लेन्स कातरून देतो. पन्नास, शंभर, दोनशे. आजवर एका गिऱ्हाइकाने ओळखलं असेल तर शपथ."

दोन्ही चौकटींच्या खाली मास्तरांच्या बारीक अक्षरात तीनच शब्द होते. 'एकाच खुर्चीतून काढलेले.'

बाईंनी चिमणीच्या फोटोची प्रत मागून घेतली. निघताना मुलगी दारापर्यंत आली.

"मॅडम, भावाला उद्या कोर्टात उभं करणार?"

"हो."

"तो काही बोलला नाही तर?"

"रक्त त्याच्या अंगावर, भांडण त्याचं. गप्प राहिला तर जन्मठेप तरी आहेच. तुम्हाला काही सांगायचंय?"

तिने मागे वळून पाहिलं. नवरा दारात उभा होता. तिची नजर त्याच्यावर थांबली नाही, संगणकामागच्या एका लहानशा हिरव्या दिव्यावर गेली आणि तिथून जमिनीवर.

"नाही," ती म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दोन शिपायांना आणि हवालदारांना घेऊन बांधावर गेल्या. समोर नदी, पलीकडे चिमणीच्या जागी विटांचा ढीग, आणि त्याच्या मागे मनोरा, होता तसाच.

"काका, हे दोघे उंचीने सारखे आहेत ना?"

"सारखे. अकलेनेही."

त्यांनी एका शिपायाला हवालदारांपासून चार पावलांवर उभं केलं आणि दुसऱ्याला त्याच्या आठ पावलं मागे. "आता सांगा, मागचा केवढा दिसतो?"

"पुढच्याच्या कमरेएवढा. त्याहून कमीच."

"आता तुम्ही मागे जा. जात राहा. जातच राहा." हवालदार बांधावरून उलटे चालत दूर गेले. "आता?"

"आता जवळजवळ सारखेच की हो!" लांबून आवाज आला.

"मोबाईलने फोटो काढा. मग त्यातले हे दोघे बोटांनी मोठे करून बघा. मागचा लहान झाला?"

"नाही. दोघे मिळूनच मोठे होतात."

हवालदार परत येईपर्यंत बाई पट्टी घेऊन चिमणीच्या फोटोवर वाकल्या होत्या.

"लेन्स बदला नाहीतर कातरी चालवा, गोष्ट एकच आहे. चौकट लहान होते, बस्स. जावई त्याबद्दल खोटं बोलला नाही. पण मागची वस्तू पुढच्या वस्तूच्या मानाने केवढी दिसणार, हे लेन्स ठरवत नाही, पाय ठरवतात. तुम्ही कुठे उभे आहात ते. इथून चिमणी नऊशे मीटर, मनोरा बाराशे. दोघे पन्नास-पन्नासच. मग इथून मनोरा चिमणीच्या मानाने केवढा दिसायला हवा?"

हवालदारांनी ओठ हलवून हिशेब केला. "पाऊण."

"फोटोत चिमणी नऊ सेंटिमीटर आहे. मनोरा पावणेसात हवा." त्यांनी पट्टी फिरवून त्यांच्यासमोर धरली. "मोजा."

"तीन," हवालदार म्हणाले. पुन्हा मोजलं. "तीनच. म्हणजे एक तृतीयांश."

"चिमणीपासून दीडशे मीटरवर उभे राहा. मनोरा साडेचारशेवर. दीडशे भागिले साडेचारशे."

हवालदारांनी फोटोवरून नजर उचलली. त्यांनी नदीपलीकडच्या पंपघराकडे पाहिलं.

"मॅडम, म्हणजे हा फोटो..."

"मास्तरांनी काढलाय. मरण्याच्या काही क्षण आधी."

५

कोठडीत त्या तरुणाचा एक डोळा पूर्ण मिटला होता. काल सोबतच्या कैद्यांनीही बापाच्या खुन्याचा समाचार घेतला होता.

"तू बाबांना आंधळे का म्हणालास ते मी सांगते," बाई म्हणाल्या. "तुझ्या बहिणीच्या बाह्या मनगटापर्यंत का असतात, ते त्यांना दिसत नव्हतं."

त्याचा उघडा डोळा भरून आला.

"ताईने शपथ घातलीय. तिचं नाव काढलं तर तिचं मेलेलं तोंड बघेन म्हणाली. मॅडम, तो तिला दिव्याच्या स्टँडने मारतो. मी किती सांगितलं बाबांना. ते म्हणायचे, एवढा शांत मुलगा, तुला काहीतरी गैरसमज झालाय. त्या सकाळी मी ओरडलो, जा, तिची बाही वर करून बघा. आणि ते गेले. पूल बंद व्हायच्या आधी जाऊन बघून आले. मी आत घुसलो ते एवढंच विचारायला, बघितलंत का?"

"मग?"

"वर चढलो तेव्हा विचारायला कोणी नव्हतं."

६

जावयाने बाईंचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याची बायको संगणकाजवळच्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर.

"लांबची लेन्स मागचं जवळ ओढते, तुम्हीच म्हणालात," बाई म्हणाल्या. "मग मनोरा एवढा मागे का राहिला? पूल बंद व्हायच्या आधीच तुम्ही झाकलेला ट्रायपॉड बांधावर ठेवून पलीकडे जाऊन लपलात, आणि धूळ बसल्यावर पूल उघडला तेव्हा गर्दीतून परतलात. तुम्ही आयुष्यभर कातरून लेन्सा तयार केल्या आणि कोणी ओळखलं नाही. म्हणून वाटलं, याही वेळी कोणी ओळखणार नाही. पण त्या दोन फोटोंखाली मास्तरांनी एक अट लिहिली होती. एकच खुर्ची. लेन्स कातरून होते, जावईबापू. खुर्ची कातरून नदीपलीकडे जात नाही."

जावयाने भिंतीवरच्या दोन चौकटींकडे एकदा पाहिलं. मग त्याने उसासा सोडला, आणि बाईंना जाणवलं, हा घाबरलेला नाही. हा हिशेब करतोय.

"बरं. फोटो मास्तरांचा आहे. धूळ बसल्यावर पूल उघडला, मी धावत पलीकडे गेलो. छपरावर ते पडलेले, मेव्हणा पळताना दिसला. कॅमेरा पाहिला. माझा स्वतःचा फोटो बिघडला होता. मोह झाला, कार्ड घेतलं. चोरी म्हणा, खोटेपणा म्हणा. गुन्हा कबूल." तो किंचित हसला. "पण मारलं त्यांच्याच पोराने. तुमची पट्टी कॅमेरा कुठे होता ते सांगते, मॅडम. मी कुठे होतो ते नाही सांगत."

हवालदारांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पट्टी खिशात ठेवली. पट्टीबद्दल तो खरं बोलत होता. आणि अकरा वाजता त्या पोराला कोर्टात उभं करायचं होतं.

"सांगते," स्टुलावरून आवाज आला.

मुलगी उभी राहिली होती. तिने आधी डावी बाही वर केली, मग उजवी. कोपरापर्यंत निळ्या, पिवळ्या, काळ्या पट्ट्या होत्या, एकावर एक, जुन्यावर नव्या.

"त्या सकाळी बाबा आले आणि त्यांनी हे बघितलं. यांना एवढंच म्हणाले, 'आज काम झालं की तू तुझ्या वाटेने. पोरगी घरी येईल.' मग मला म्हणाले, 'मी कसला फोटोवाला गं?'"

"अहो, आत जा," जावई म्हणाला. आवाज अजून मृदूच होता.

"यांनी एकदा एका समारंभाचे सगळे फोटो पुसून टाकले होते. तेव्हापासून बाबांनी आणि मी मिळून सोय केली. या संगणकाला कुठलंही कार्ड लावलं की मागच्या डबीत त्याची नक्कल आपोआप उतरते. यांना सांगितलं नाही. बाबांना यांचा अपमान करायचा नव्हता."

हिरवा दिवा लुकलुकत होता.

जावई हलला तेव्हा खोलीत कोणालाच त्याच्याएवढी चपळाई जमली नाही. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला हवालदारांची काठी त्याच्या मनगटावर बसली आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो ओरडत भिंतीवर कोसळला. दोन्ही चौकटी खाली आल्या. मोजा घातलेल्या हाताने त्याने काचेचा लांब तुकडा उचलला आणि बाईंच्या गळ्याच्या दिशेने झेप घेतली. बाईंनी स्टूल मधे घातलं. काच लाकडात घुसली, त्याच्या तळव्यात त्याहून खोल घुसली. मग दोन्ही शिपाई त्याच्या पाठीवर बसले.

"घरातलं प्रकरण आहे!" तो जमिनीला गाल टेकून ओरडत होता. "आमच्या घरातलं!"

मुलीच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. बाईंनी रुमाल पुढे केला. तिने तो डोळ्यावर दाबला आणि दुसऱ्या हाताने फोटो उघडला.

पूर्ण फोटो, कातरी न लागलेला. मधोमध ती चिमणी, पण आता लहान. वर मोकळं आकाश, खाली पंपघराच्या छपराची कड. आणि डाव्या कोपऱ्यात, कडेच्या वर आलेली शिडीची दोन टोकं आणि एका टोकाला घट्ट धरलेला एक हात. बोटं कापलेला काळा मोजा.

मास्तरांचा डोळा चिमणीवर होता. त्यांच्या लेन्सचा फक्त तिच्यावर नव्हता.

"कातरताना यांनी हा तुकडा बाहेर ठेवला," ती म्हणाली. "त्या रात्रीपासून पुन्हा पुन्हा बघतेय मी हा हात. ओळखीचाच होता."

७

धाकटा सुटून आला तेव्हा बहीण स्टुडिओच्या पायरीवर बसली होती. भुवईवर टाके. बाह्या दुमडलेल्या.

"शपथ मी नाही मोडली हां," तो सुजलेल्या तोंडाने म्हणाला.

"माहीत आहे रे गाढवा. मीच मोडली. उशिरा मोडली." तिने त्याचा फुटलेला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि दोघंही बराच वेळ रडली.

प्रत घ्यायला आलेले हवालदार दारात अवघडून उभे होते. आत भिंतीवर दोन मोकळ्या चौकोनांच्या खुणा होत्या. टेबलावर नव्या चौकटीत बाबांचा शेवटचा फोटो होता, पूर्ण.

"ताई," हवालदार घसा खाकरून म्हणाले, "कोर्टाला लागणार ते ठीक. पण घरात लावताना तो कोपरा तेवढा कापून टाका ना. रोज तो हात कशाला बघायचा?"

तिने चौकट उचलली आणि भिंतीशी धरली.

"बाबांनी बाही वर करून बघितलं, त्यानंतरचा फोटो आहे हा. यातलं काही कापायचं नाही." मग भावाकडे वळून म्हणाली, "ऊठ. खिळा धर."

"वाकडं लागतंय, ताई."

"एका डोळ्याने बघतोयस, तुला सगळं वाकडंच दिसणार. धर नीट."

तिने हातोडा उचलला. भावाने बोटं खिळ्याशी नेली, आणि ती मारेपर्यंत हलवली नाहीत.